मॉरीनबाईंच्या हॅचबॅकचं पासिंग

गाडी विकत घेणारा तिला समोरून बघतो. विकणारा ती धुऊन-पुसून दाखवतो. माझं काम तिच्याखाली जाऊन बघण्याचं. त्यामुळे गाड्यांबद्दलची माझी मतं इतरांपेक्षा थोडी वेगळी झाली आहेत, आणि एका जुन्या, स्वस्तातल्या ब्रिटिश हॅचबॅकबद्दलचं मत तर आमच्या गॅरेजमध्ये मी एकट्यानेच धरून ठेवलं होतं. ती गाडी 'कूल' म्हणायची की नाही, असा तो वाद होता. दिवाळी अंक वाचणाऱ्या प्रौढ माणसांना हा वाद पोरकट वाटेल. पण त्या वादात माझे वडील सापडले आणि त्यांच्याशी मी जसा वागलो ते मला अजून टोचतं, म्हणून लिहितो आहे.

आधी कामाविषयी. न्यूझीलंडमध्ये रस्त्यावर चालणाऱ्या प्रत्येक गाडीची ठरावीक मुदतीने तपासणी होते. तिला इथे 'वॉरंट' म्हणतात. दोन हजारच्या दशकात, म्हणजे मी हे काम शिकलो तेव्हा, जुन्या गाड्यांना ते दर सहा महिन्यांनी लागायचं. आपल्याकडे ट्रक-टेम्पोचं 'पासिंग' असतं तसंच हे, फक्त इथे आजीबाईंच्या गाडीलाही ते चुकत नाही. तपासनीस टायरची नक्षी मोजतो, दिवे लावून बघतो, सीटबेल्ट हिसका देऊन ओढतो, चाकं रोलरवर घेऊन ब्रेक बघतो. मग गाडी लिफ्टवर चढवून खालून गंज शोधतो. सगळं ठीक असेल तर समोरच्या काचेवर एक छोटा स्टिकर. नसेल तर कारणं लिहिलेला कागद हातात आणि गाडी परत. हा स्टिकर लावण्याचा अधिकार तपासनिसाला त्याच्या नावाने मिळालेला असतो. नको त्या गाडीला स्टिकर लावला आणि ते उघडकीला आलं, तर अधिकार जातो.

आमचं गॅरेज वेलिंग्टनच्या उत्तरेला, जॉन्सनव्हिलच्या चढावर. समुद्र जवळ, वारा खारट आणि न थांबणारा. इथल्या गाड्या इंजिन बिघडून मरत नाहीत, गंजून मरतात.

मी करमाळ्याचा. आमच्या घरातला पहिला पदवीधर. वडील, म्हणजे आण्णा, टेंभुर्णी रस्त्यावरच्या एका गॅरेजात डेंटिंग-पेंटिंग करायचे. ठोकरलेल्या ट्रकचं बॉनेट, टेम्पोचा चेपलेला दरवाजा, असलं सगळं हातोडीने सरळ करून त्यावर रंग मारायचा. त्यांच्या त्या हातोडीवर मी मेकॅनिकल इंजिनिअर झालो. पदवी घेऊन न्यूझीलंडला आलो तेव्हा इथे माझ्या पदवीची कुणाला गरज नव्हती, पण गाडीखाली जायला तयार असलेल्या माणसाची होती. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. इतक्या लांब येऊन मी आण्णांच्याच धंद्यात शिरलो, याची उलट गंमत वाटायची.

या कामात माणसं भेटतात ती एकेक वल्ली. एक शेतकरी आपली पिकअप घेऊन आला, चारही टायर कोरे करकरीत. पास केली. आठवड्याने त्याचा भाऊ आपली पिकअप घेऊन आला, तीही कोऱ्या टायरांवर. पुढच्या डाव्या टायरच्या बाजूला मक्याच्या दाण्याएवढा चरा होता. माणसांचे चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत, पण तो चरा राहिला होता. मी म्हटलं, "या टायरची आणि माझी गेल्या आठवड्यात भेट झाली आहे." तो जरासुद्धा ओशाळला नाही. "फेअर इनफ," म्हणाला आणि हसत हसत भावाला फोन लावायला बाहेर गेला.

आपली मंडळी निराळी. गणपतीत ओळख झालेले एक गृहस्थ गाडी घेऊन आले. आरशाला तुळशीची माळ, खाली लिंबू-मिरची, आणि मागचे दोन्ही टायर माझ्या तळहातासारखे गुळगुळीत. मी कागद लिहायला घेतला तर ते हळूच म्हणाले, "अहो, आपला माणूस आहे म्हणून तर जॉन्सनव्हिलला आलो. नाहीतर घराजवळ होतंच की गॅरेज."

"आपला माणूस आहे म्हणूनच सांगतो. पावसात उतारावर ब्रेक मारून बघा."

"म्हणजे नापास?"

"नापास."

"इथे येऊन फार गोरे झालात हो तुम्ही," म्हणाले आणि पुढची दोन वर्षं आरतीला माझ्या शेजारी उभे राहिले नाहीत. त्यांच्या बायकोने मात्र त्या दिवाळीत करंज्यांचा डबा पाठवला. आत चिठ्ठी होती, 'टायर बदलले. थँक्यू.'

आता मुद्द्याच्या गाडीकडे येतो. ती होती मॉरीनची. मॉरीन आमची शेजारीण, सत्तरी ओलांडलेली, एकटी राहणारी. तिने उमेदीची सगळी वर्षं शाळाशाळांतून मुलांचे दात तपासण्यात घालवली होती. त्या फिरतीसाठी तिने पंचवीस वर्षांपूर्वी ही गाडी नवी घेतली होती. गाडीचे सुटे भाग इंग्लंडहून पेट्यांत भरून यायचे आणि इथल्याच कारखान्यात जोडले जायचे, त्या काळातली. कंपनीचं नाव लिहीत नाही. ज्यांना ती गाडी माहीत आहे ते वर्णनावरून ओळखतील आणि हसतील. रंग दूध जास्त झालेल्या चहासारखा. तोंड साधं, चौकोनी. आत चॉकलेटी रेक्झिन. सकाळी चोक ओढल्याशिवाय सुरू न होणारी. मागचं दार वर उघडायचं आणि ते वर राहावं म्हणून मॉरीन एक काठी लावायची.

आमच्या गॅरेजमधला दुसरा तपासनीस ब्रूस. वयाने, अनुभवाने माझ्यापेक्षा मोठा. मला हे काम त्यानेच शिकवलं. सकाळच्या चहाच्या सुट्टीत त्याचा आवडता विषय म्हणजे कुठली गाडी कूल आणि कुठली नाही. त्याची कसोटी ठरलेली होती.

"हे बघ सुध," तो मला सुध म्हणायचा, "लहानपणी कुणीतरी खोलीच्या भिंतीवर त्या गाडीचं पोस्टर लावलेलं असलं पाहिजे. मॉरीनची गाडी म्हणजे पोस्टर लावणाऱ्या पोराच्या आईची गाडी. त्याला शाळेत सोडायची."

हे एकदा मॉरीनने ऐकलं. ती वॉरंटसाठी आली होती आणि बाहेरच्या खुर्चीत मासिक चाळत बसली होती. मासिकातून डोकं वर न काढता तिने विचारलं, "पोस्टरवरच्या गाडीत कधी बसलायस का रे ब्रूस? मी माझ्या गाडीत रोज बसते."

ब्रूस म्हणाला, "येह, नाह." हे इथलं खास उत्तर. हो आणि नाही एका दमात म्हणायचं, आणि ऐकणाऱ्याने हवं ते घ्यायचं.

मी गाडीच्या बाजूने होतो. माझं म्हणणं असं की ती खालून बघावी. नव्या गाड्या खालून बघितल्या तर सगळं प्लॅस्टिकच्या झाकणांत गुंडाळलेलं. हिच्यात एकही भाग उगाच नव्हता. कुठला दांडा कशासाठी आहे ते शाळेतल्या मुलालाही बोट दाखवून सांगता आलं असतं. विद्यापीठातली मुलं तोपर्यंत अशा गाड्यांकडे वळून बघायला लागली होती. आजोबांचे स्वेटर हौसेने घालणारी ती मुलं. त्यांच्यातल्या कुणीतरी एकदा मॉरीनच्या वायपरखाली चिठ्ठी ठेवली होती, 'विकायची झाली तर आधी मला सांगा.' मॉरीनने ती फ्रीजवर लावली. ब्रूस म्हणाला, पोरं आज स्वेटर घालतात, उद्या काढतात.

माझी मुलगी मुक्ता तेव्हा दहा वर्षांची. मी मराठीत विचारणार, ती इंग्रजीत उत्तर देणार, असा आमचा संवाद. पाऊस असला की मॉरीन तिला शाळेत सोडायची. मी मुक्तालाही विचारलं, गाडी कूल आहे का? ती म्हणाली, "काइंड ऑफ, बाबा. जस्ट नॉट व्हेन आय ॲम इन इट." म्हणजे गाडी चांगली आहे, पण त्या गाडीत आपण कुणाला दिसता कामा नये.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात आण्णा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. दिवसा आम्ही दोघं नवरा-बायको कामावर, मुक्ता शाळेत. आण्णा अंगणात. बोलायला कुणी नाही म्हणून मला काळजी वाटत होती, पण दुसऱ्याच आठवड्यात बघतो तर कुंपणापाशी उभे राहून ते आणि मॉरीन गप्पा मारत होते. हे मराठीत, ती इंग्रजीत. ती त्यांना बागेतली लिंबं द्यायची, हे तिला मेथी निवडायला शिकवायचे. तिच्या प्रत्येक वाक्यावर आण्णा म्हणायचे, "गुड." त्यांच्या प्रत्येक वाक्यावर ती म्हणायची, "लव्हली." दोघांचं उत्तम चाललं होतं.

मॉरीनच्या गाडीवर आण्णांचा पहिल्या दिवसापासून डोळा होता. बोटाचं पेर मुडपून ते तिच्या पत्र्यावर टकटक करायचे, जसा डॉक्टर पोट वाजवून बघतो.

एका मंगळवारी जेवताना मी सहज बोलून गेलो, "परवा मॉरीनच्या गाडीचं पासिंग आहे."

"आण्णांना न्या की तुमचं गॅरेज दाखवायला," माझी बायको म्हणाली.

"बाईच्याच गाडीतनं जातो," आण्णा म्हणाले. मला ते बरंच वाटलं.

गुरुवारी सकाळी मॉरीनची गाडी आली. शेजारी आण्णा, धुतलेला पांढरा शर्ट, वर माझ्या लग्नातला कोट. मी त्यांची ब्रूसशी ओळख करून दिली. आमच्याकडे जमिनीवर पिवळी रेघ आहे, तिच्यापुढे गिऱ्हाइकांनी यायचं नाही. आण्णांना रेघेपाशी उभं केलं आणि मी गाडी वर घेतली.

वर बघितलं. गाडीचं पोट या टोकापासून त्या टोकापर्यंत काळं कुळकुळीत चमकत होतं. ताजा रंग. बोट लावलं तर चिकट. टायरच्या बाजूंना काळा हात, चाकांच्या नटांना चंदेरी. ब्रशचे फटकारे सगळे एकाच दिशेने, शेवटी किंचित उचललेले. तो हात मी जन्मापासून ओळखत होतो.

इथल्या तपासनिसाला ताज्या रंगाची भीती असते, कारण गंज लपवायचा असला की माणसं नेमकं हेच करतात. विशेषतः दाराखाली जी पोकळ पेटीसारखी पट्टी असते, जिला आम्ही सिल म्हणतो, तिच्यावर. अपघातात गाडीची कूस तीच सावरते, आणि सीटबेल्टचा बोल्ट या गाडीत तिच्या अगदी लगत होता. तिथे रंगाखाली काय आहे हे बघितल्याशिवाय स्टिकर लावता येत नाही.

नियमाने मी थांबायला हवं होतं. घरच्या माणसाचा हात लागलेली गाडी होती, ती ब्रूसकडे द्यायची आणि बाजूला व्हायचं. पण ब्रूस माझ्या मागेच उभा होता. त्याला वाटू नये की हा आपल्या माणसांना सांभाळून घेतो, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि डाव्या सिलवरचा रंग खरवडायला लागलो. लागतो त्यापेक्षा जोराने खरवडला, हे आज कबूल करतो. मागच्या टोकाला, बोल्टपासून चार बोटांवर, स्क्रू-ड्रायव्हर आत गेला. मी तो बाहेर काढला तर भोकातून तपकिरी भुगा माझ्या बाहीवर पडला.

ब्रूसने शीळ घातली. "कुणी नटवली रे हिला?"

मी म्हटलं, "माझ्या वडिलांनी."

रेघेपलीकडून आण्णांचा आवाज आला, "काय झालं रं?"

"नापास," मी कागदावर लिहिता लिहिता म्हणालो. मान वर केली नाही.

आण्णा मागे वळले आणि बाहेरच्या खुर्चीत जाऊन बसले. कोटाची बटणं त्यांनी काढली नाहीत.

दोन दिवस ते माझ्याशी कामापुरतं बोलले. शनिवारी दुपारी मीच विषय काढला.

"आण्णा, तुम्हाला माहीत नव्हतं, मला कळतं. पण इथे पासिंगच्या आधी रंग लावला की त्याचा अर्थ..."

"चोरी केली असा होतो. कळलं मला. तुझ्या त्या गोऱ्याच्या शिट्टीवरनंच कळलं." ते लसूण सोलत होते. "आरं, साहेबापुढं गाडी न्यायची ती उघडी-वाघडी न्यायची? आयुष्यभर आम्ही पासिंगच्या आदल्या दिवशी खालनं रंग मारला. साहेब काय रंग बघत नव्हता. हातोडी घेऊन वाजवायचा. रंग मारला म्हणून आवाज लपतोय होय?"

"मग तुम्ही वाजवून बघितलं होतं?"

"बघितलं की. डाव्या अंगाला बद्द वाजत होतं. बाईला सांगितलं पण, की बाई, हितला पत्रा खाल्लाय, पासिंग झालं की बदलून घे."

"मराठीत?"

"मग काय जपानीत? 'लव्हली' म्हणाली."

माझी बायको ओट्याकडे तोंड करून हसली. आण्णा हसले नाहीत. "मी फसवाय रंग लावला नव्हता," एवढं म्हणाले आणि लसणाची वाटी माझ्यासमोर सरकवून उठून गेले.

तिकडे मॉरीनचं वेगळंच चाललं होतं. नवं सिल न्यूझीलंडमध्ये कुठेच मिळेना. भंगारवाल्यांकडे तसल्या गाड्याच उरल्या नव्हत्या. इंग्लंडहून मागवायचं तर कित्येक महिने. ब्रिस्बेनला राहणाऱ्या तिच्या मुलाने फोनवर सांगितलं, भंगारात काढ आणि छोटी जपानी गाडी घे. मॉरीन मला म्हणाली, "वेल, झालं मग." तिने भंगारवाल्याला पुढच्या शनिवारी बोलावलं. त्या संध्याकाळी ती गाडीतला खण रिकामा करत होती. नकाशे, लहान मुलांना द्यायचे दातांचे स्टिकर, एक हातमोजा. आण्णा कुंपणापाशी उभे राहून ते बघत होते. भाषेची गरज नव्हती.

घरात येऊन ते मला म्हणाले, "पत्रा आण. त्याच गेजचा. आणि एक लाकडी हातोडा."

मी म्हटलं, "आण्णा, हे ट्रकचं बॉनेट नाही. वॉरंटला चालायला हवं."

"मग चालेल असं करतो. आण तू."

पत्रा ब्रूसने दिला. मी जाडी सांगितली, तो मागच्या रॅकमधून कापून घेऊन आला आणि म्हणाला, "तुझ्या म्हाताऱ्याला सांग, वेल्डिंग मात्र परवानावाल्याकडून." आमच्या रस्त्याच्या टोकाला तसा एक वेल्डर होता. तोही तयार झाला.

पुढचे चार दिवस आण्णा मॉरीनच्या बागेत होते. इथे बागेतल्या वाफ्यांना रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर लावायची पद्धत आहे. त्यातल्या एका स्लीपरची धार हीच त्यांची ऐरण. उजवं सिल शाबूत होतं. त्यावर मुक्ताच्या सिरियलच्या खोक्याचा पुठ्ठा दाबून त्यांनी माप घेतलं, मग पुठ्ठा उलटा करून डाव्यासाठी खुणा केल्या. एक घाव, मग बोट फिरवायचं, मग दुसरा घाव. मॉरीन त्यांना दर तासाला चहा आणून द्यायची आणि शेजारी गवतावर बसून राहायची. मुक्ता शाळेतून आली की आजोबांचं पुठ्ठ्याचं माप धरून उभी राहायची. तिच्या दोन मैत्रिणीही यायला लागल्या. मी कामावरून आलो की कुंपणापाशी थांबायचो. आण्णा वर बघत नसत.

शुक्रवारी वेल्डरने गंजलेला भाग कापून टाकला आणि आण्णांचा पत्रा जागेवर बसवला. तो नंतर मला म्हणाला, "मी घासायला कानस काढली होती. लागलीच नाही."

भंगारवाला शनिवारी दुपारी दोनला येणार होता. सकाळी आम्ही गाडी गॅरेजला नेली. या वेळी मी बाजूला झालो. तपासणी ब्रूस करणार. खालून गाडी उघडी होती, आण्णांनी पहिला रंगही खरवडून काढला होता, आणि नव्या पत्र्यावर फक्त पातळ राखाडी प्रायमर. आण्णा, मॉरीन आणि मी रेघेमागे. मॉरीनच्या हातात भंगारवाल्याचा नंबर लिहिलेला कागद होता आणि ती त्याची घडी घालत होती, उलगडत होती.

ब्रूसने छोटी हातोडी घेतली. पुढच्या टोकापासून वाजवत आला. आण्णा डोळे मिटून ऐकत होते. टण, टण, टण. मागच्या टोकापर्यंत सगळीकडे एकच आवाज. ब्रूस पुन्हा पुढे गेला. पुन्हा वाजवत आला. मग बॅटरी लावून बघितलं.

"सुध, जोड कुठे आहे विचार त्यांना."

मी विचारलं. आण्णांनी डोळे न उघडताच सांगितलं, "त्याला म्हणावं, शोध."

मी ते जसंच्या तसं सांगितलं. ब्रूस आधी आण्णांकडे बघत राहिला, मग मोठ्याने हसला आणि हातमोजा काढून उघडं बोट पत्र्यावरून फिरवायला लागला. बराच वेळ लागला. सापडला तेव्हा त्याने तिथे खडूने खूण केली आणि आण्णांकडे बघून मान हलवली. आण्णांनीही हलवली. एका कारागिराने दुसऱ्याला दिलेली ती पावती मी जवळून बघितली, आणि मला माझी इंजिनिअरिंगची पदवी त्या क्षणी फार लहान वाटली.

मग ब्रूसने गाडी खाली घेतली, बाकीची तपासणी केली आणि म्हणाला, "फेल."

मॉरीनच्या हातातला कागद थांबला.

"मागच्या नंबर-प्लेटचा दिवा लागत नाही."

मी बल्ब आणायला धावलो. पाच मिनिटांत दिवा लागला आणि अकरा वाजायच्या आत काचेवर स्टिकर लागला. मॉरीनने गॅरेजमधूनच भंगारवाल्याला फोन केला. "नको," एवढंच म्हणाली, आणि त्याने काहीतरी विचारलं असावं, कारण पुढे म्हणाली, "नाही, नाही. गाडी ठीक आहे. अगदी ठीक आहे."

ब्रूस हात पुसत आण्णांजवळ आला. "त्यांना विचार सुध. त्यांच्या मते ही गाडी कूल आहे का?"

कूलचं मराठी काय करणार? मी विचारलं, "आण्णा, गाडी कशी आहे? भारी म्हणायची का?"

आण्णांनी प्रश्न गंभीरपणे घेतला. गाडीभोवती एक चक्कर मारली. म्हणाले, "गरिबाची गाडी हाय. बनवणाऱ्यानं पत्रा वाचवलाय, जिथं तिथं वाचवलाय. पण हात वाचवला न्हाई. आत जिथं कुणी बघणार न्हाई, तिथंसुद्धा कडा दुमडून घेतलीय. श्रीमंताची गाडी कुणीबी चांगली करंल."

मी ते इंग्रजीत सांगितलं. ब्रूसने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. मग म्हणाला, "येह, नाह." पण त्या दिवसानंतर पोस्टरचा मुद्दा त्याने काढलेला मला आठवत नाही.

मला विचाराल तर गाडी कूल असण्याचा आण्णांनी सांगितला त्यापेक्षा चांगला अर्थ मला पुढे सापडला नाही. हजारो गाड्या तपासल्या. त्यात महागड्या होत्या, पोस्टरवरच्याही होत्या. काहींच्या दाराच्या आतल्या कडा हात कापतील अशा सोडलेल्या बघितल्या. हौशी लोक ज्या गाडीला कूल म्हणतात ती बहुधा त्यांना परवडत नसते. मॉरीनची गाडी कुणालाही परवडली असती, आणि तरी तिच्याबद्दल कुणीतरी एवढा विचार केला होता. मग ती इतकी वर्षं कुणीतरी जपली. याहून जास्त काय हवं असतं ते मला खरोखरच माहीत नाही.

शनिवार असल्याने मला लवकर सुट्टी होती. मॉरीन म्हणाली, चला, सगळे माझ्याबरोबर. आण्णा पुढे तिच्या शेजारी, मी मागच्या सीटवर गुडघे हनुवटीशी घेऊन. चढ आला, तिने गिअर बदलला आणि गाडी कुरकुर न करता वर निघाली.

आण्णा समोर बघत म्हणाले, "नापास केलीस ते बरोबर केलंस. मी साहेब असतो तर मीबी केली असती."

मग त्यांनी काच थोडी खाली घेतली.

"पण खरवडताना एकदा माझ्याकडं बघायचं होतंस, सुध्या. नुसतं बघायचं. तेवढ्यावर मी समजलो असतो."

एक वळण गेलं. मी म्हटलं, "चुकलं माझं, आण्णा."

ते मागे वळले नाहीत. खांद्यावरून हात मागे करून त्यांनी माझ्या गुडघ्यावर दोनदा टकटक केलं, पेर मुडपून. मग म्हणाले, "बाईला सांग, उजव्या अंगाचा पत्रा अजून दोन वर्षं काढंल. मग तोबी जाईल. मी पुढल्या खेपेला येईन तेव्हा करू."

मी मॉरीनला सांगितलं.

"त्यांना म्हणावं, मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे," मॉरीन म्हणाली. "फार उशीर करू नका."

मी आण्णांना सांगितलं. ते पहिल्यांदाच मोकळेपणाने हसले. "तिला म्हणावं, मी शहात्तरचा. पुठ्ठ्याचं माप नीट जपून ठेव. मी न्हाई आलो तर माझा पोरगा करंल."

हे शेवटचं वाक्य मी मॉरीनला लगेच सांगू शकलो नाही. तिने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता गाडी हळू केली.